तिसरं नको

"आई, तुला झटका येऊन तीन महिने झालेत," मी फोनवर म्हणाले.

"मग मला आत्ता सांगतीस व्हय?" आई म्हणाली.

मागे कुकरची शिट्टी झाली. तिनं फोन खाली ठेवून गॅस बंद केला. परत आली तेव्हा तिच्या आवाजात काळजीचा मागमूस नव्हता, नुसती उत्सुकता होती. "कुठल्या बाजूला?"

"उजव्या. उजवा हात, उजवा पाय लुळा. आणि वाचा गेलीय."

"सगळी?"

"एक शब्द राहिलाय."

"कुठला?"

"तो तू ठरव. पण रिक्षात बसून ठरव. अर्ध्या तासात कॉलेजवर पाहिजेस मला."

मी तेव्हा सांगलीतल्या एका कॉलेजात स्पीच थेरपी शिकवत होते. मेंदूला झटका बसला की काही माणसांचे शब्द जातात. अशा माणसांशी कसं बोलायचं आणि त्यांचे शब्द हळूहळू परत कसे आणायचे, हे आमच्याकडे मुली शिकत. त्या वर्षी अभ्यासक्रमात एक नवा भाग आला होता. रुग्ण वेगवेगळ्या समाजांतले, वेगवेगळ्या चालीरीतींचे असतात; तर त्या समजून घेऊन उपचार कसे करावेत. त्या भागाची प्रात्यक्षिक परीक्षा त्या दिवशी होती. पेशंट म्हणून कवठेमहांकाळकडचे दादू खोत यायचे होते. साडेदहाला त्यांच्या सुनेचा फोन आला.

"बाई, आज आमुशा हाय. मामाजी आमुशेला उंबऱ्याभायेर पाय टाकत न्हाईत. उद्या आणू का?"

परीक्षेची तारीख मीच ठरवली होती. परीक्षेच्या तक्त्यात सतरावा रकाना होता, 'रुग्णाचे सणवार, तिथी यांची दखल घेतली आहे का?' त्याच्यापुढे बरोबरची खूणही मीच केली होती, हिरव्या शाईनं.

उद्या चालणार नव्हतं. परीक्षक पुण्याहून आल्या होत्या आणि दुपारच्या गाडीनं परत निघणार होत्या. पेशंट नाही तर परीक्षा नाही, आणि परीक्षा नाही तर तहसीन मुजावर कायमची घरी. तहसीन त्याआधी दोनदा नापास झाली होती, दोन्ही वेळा एकाच कारणानं. पेशंट गप्प राहिला की ती वाट बघत बसायची, आणि घड्याळ काही वाट बघायचं नाही. तिच्या जतच्या बाजूला, कानडी मुलखाच्या काठावर, एका दवाखान्यानं तिच्यासाठी जागा धरून ठेवली होती. नियमानं तिला ही तिसरी संधी होती, आणि चौथी नव्हती.

म्हणून मी आईला फोन केला. माझी नोकरी जाऊ शकते हे मला ठाऊक होतं. पण आईला फोन करताना माणूस इतका विचार करत नाही.

आईनं तीस वर्षं विद्यार्थ्यांची खानावळ चालवली होती. ती बंद करूनही चार वर्षं झाली होती, त्यामुळे आमच्या मुलींपैकी कुणी तिला ओळखत नव्हतं. तिला नकला फार छान यायच्या. हळदीकुंकवाला बायका वाण घेऊन निघायच्याच नाहीत. "मगदूमकाकू, ती बँकेतली साहेबीण करून दाखवा आधी," म्हणून अडून बसायच्या.

वीस मिनिटांत रिक्षा आली. आई डोक्यावरून पदर घेऊन, एका हातानं भिंत धरत, डावा पाय ओढत व्हरांड्यातून येऊ लागली. मी पुढं होऊन तिला आधार दिला.

"उजवा," मी ओठ न हलवता म्हणाले.

तिनं व्हरांड्याच्या मधोमध पाय बदलला. काम इतकं सफाईदार, की आजार चालता चालता एका पायातून दुसऱ्या पायात गेला असं कुणालाही वाटलं असतं.

"शब्द ठरला का?"

"नको."

"आई, आता नको म्हणून कसं चालेल? परीक्षक आत बसल्यात."

"अगं, नको हाच शब्द ठरला. सवयीचा आहे. बाईमाणसाला निराळी तालीम लागत नाही." दोन पावलं टाकून ती परत थांबली. "आणि समोरच्याचं बोलणं मला कळतं का?"

"सगळं कळतं. नुसतं बोलता येत नाही."

"म्हणजे तुझ्या बाबांच्या बरोबर उलटं," आई म्हणाली, आणि चेहरा पाडून आत शिरली.

परीक्षक होत्या डॉ. नलिनी वझे. तो चाळीस रकान्यांचा तक्ता त्यांनीच तयार केला होता, आणि आमच्यासारख्या छोट्या कॉलेजांतून तो नीट वापरला जातो की नाही हे पाहायला त्या स्वतः फिरत. मोजकं बोलायच्या. मी त्यांना एवढंच सांगितलं, की ठरलेला पेशंट आला नाही, दुसरी बोलावली आहे. खोटं नव्हतं ते. कागदावर मी फक्त 'दादू'चं 'अक्काताई' आणि 'पुरुष'चं 'स्त्री' केलं होतं. आडनाव, वय, झटक्याची तारीख दादूंचीच ठेवली होती, कारण वेळच नव्हता.

"ग्रामीण भागातल्या वृद्ध स्त्रिया," डॉ. वझे तहसीनला तक्त्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "अनोळखी माणसाच्या डोळ्याला डोळा देत नाहीत. हे लक्षात ठेवून बसायची जागा निवड."

आई त्यांच्याकडे टक लावून बघत होती. डॉ. वझेंनी आधी चष्मा सारखा केला, मग साडीचा काठ, आणि शेवटी रकान्यात बारीक अक्षरात 'अपवाद' असं लिहिलं.

तहसीननं खुर्ची आईच्या डाव्या हाताला ओढून घेतली. लुळी बाजू सोडून बसायचं, हे तिनं बरोबर केलं. मग कागद वाचायला लागली. "आजी, तुमचं नाव अक्काताई खोत."

"नको," आई म्हणाली. मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर म्हणावं तसं, हळू आवाजात.

"वय एकाहत्तर."

आई बासष्टची होती. तिची मान हिसक्यानं माझ्याकडे वळली. "नको," ती म्हणाली. खिडकीच्या गजावरचं कबूतर उडालं.

मी खिडकीबाहेर पाहू लागले. हसू आलं की मी मनातल्या मनात सतराचा पाढा म्हणते. त्या दिवशी मी तो एकदम दोनशे चारपर्यंत नेला.

मग वीस प्रश्न झाले. ही चाचणी सगळीकडे साधारण अशीच असते. दहा प्रश्नांचं उत्तर हो, दहांचं नाही, उलटसुलट मिसळलेले. रुग्णाला बोललेलं कळतं की नाही हे त्यावरून ठरवतात.

"दगड पाण्यावर तरंगतो का?"

"नको."

"खाण्याआधी केळं सोलतात का?"

"नको."

"तुम्ही पुरुष आहात का?"

"नको," आई म्हणाली. ते अगदी मनापासून होतं.

वीस वेळा 'नको' झालं. डॉ. वझेंनी बेरीज केली. "वीसपैकी दहा बरोबर. म्हणजे नाणं उडवून जेवढे येतील तेवढे. मुजावर, निष्कर्ष काय?"

उत्तर पुस्तकात होतं. रुग्णाला बोललेलं कळत असल्याची खात्री देता येत नाही. शब्द सोडा, चित्रांची कार्डं घ्या. तहसीननं एवढं म्हटलं असतं तर ती तिथंच पास झाली असती. मी तिच्याकडे पाहिलं. ती आईकडे पाहत होती आणि वाट बघत होती. घड्याळ भिंतीवर टिकटिकत होतं.

"मॅडम," ती शेवटी म्हणाली, "यांना कळतंय."

"कशावरून?"

"दगडाला म्हणाल्या ते नको निराळं आणि केळ्याला म्हणाल्या ते निराळं. केळ्याच्या वेळी म्हणजे... काय विचारतीस हे, असं होतं ते. आणि वयाला म्हणाल्या ते तर..." ती थांबली. "माझी नानी नुसती कानडी बोलायची. मला लहानपणी कानडी येत नव्हतं. सुरावरून कळायचं, जेवायला बोलावते की रागावते."

"सुराला तक्त्यात रकाना नाही," डॉ. वझे म्हणाल्या. चिडून नाही, जागा भरलीय, एवढं सांगावं तशा. "नुसता अंदाज चालणार नाही. मला दिसेल असं काहीतरी दाखव. तुझी बारा मिनिटं राहिलीत."

तेवढ्यात कॅन्टीनमधून चहा आला. ट्रेमध्ये कपबशांचे चार जोड आणि बिस्किटांची बशी. डॉ. वझेंनी आपला कप न बघताच बाजूला सारला. "मला नको. मी घेत नाही. त्यांना द्या."

तहसीननं कप आईपुढं धरला. "आजी, चहा घ्या."

"नको."

"थोडा. अर्धा कप."

"नको."

डॉ. वझेंनी पेन उचललं. "दोनदा नकार. इथं थांबायचं. रुग्णाच्या इच्छेचा मान राखणं, रकाना एकतीस." आणि तो भरायला त्या खाली वाकल्या.

"मॅडम, अजून तिसऱ्यांदा विचारलं नाही मी," तहसीन म्हणाली. तिनं कप तसाच धरून ठेवला होता. "आजी, मी सकाळपासून घेतलेला नाही चहा. तुम्ही घेतल्याशिवाय मी कशी घेऊ?"

आईनं हात पुढं केला आणि बशी घेतली. चहा बशीत ओतला, फुंकर मारली आणि ओठ लावून एक लांब भुरका घेतला.

हात उजवा होता.

खोलीत फक्त भुरक्याचा आवाज राहिला. तहसीन हाताकडे बघत होती. डॉ. वझे हाताकडे बघत होत्या. मला खोकला आला, आणि तो थांबेना. आईनं बशीवरून माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या हाताकडे. तीन महिने लुळा पडलेला हात बशी धरून ताठ उभा होता.

"नको," आई हाताला म्हणाली. इतक्या दुःखानं म्हणाली, की हातालाच लाज वाटावी. मग तिनं बशी सावकाश डाव्या हातात घेतली आणि उजवा हात, एखादं झोपलेलं मूल उचलावं तसा, मांडीवर ठेवून दिला.

मी पाढा सोडला. कार्डांचा गठ्ठा तोंडापुढं धरून भिंतीकडे वळले. गठ्ठ्यातलं सगळ्यात वरचं कार्ड केळ्याचं निघालं, आणि मग माझं काहीच चालेना.

मागून बशी खाली ठेवल्याचा आवाज आला तेव्हा मी वळले. आईनं चहा संपवला होता. तिचं लक्ष आता डॉ. वझेंनी बाजूला सारलेल्या कपावर होतं. त्यावर साय धरू लागली होती. तीस वर्षांच्या खानावळीत आईच्या पंगतीतून कुणी उपाशी उठलं नव्हतं, आणि सोंग असलं तरी तिच्या देखत कुणीतरी चहा नाकारला होता. तिनं डाव्या हातानं तो कप टेबलावरून ढकलत डॉ. वझेंपुढं नेला.

"नको," ती म्हणाली.

हे नको मी घरात हजारदा ऐकलेलं होतं, फक्त दुसऱ्या शब्दांत. घ्या हो, त्यात काय एवढं.

"नको, नको. मी खरंच घेत नाही," डॉ. वझे म्हणाल्या.

"नको." आईनं बिस्किटांची बशी कपाशेजारी ठेवली. स्वर थोडा वर गेला आणि शेवटी लांबला. आता तुम्ही माझा मान नाही ठेवला तर मला वाईट वाटेल.

"अहो आजी, मला चालत नाही उपाशीपोटी..." डॉ. वझे बोलता बोलता थांबल्या, कारण पोट रिकामं असल्याचं त्यांनी आपण होऊनच सांगून टाकलं होतं.

"नको," आई म्हणाली. तिसरं अगदी हळू होतं. आधी बिस्कीट खा मग, बाळ.

डॉ. वझेंनी बिस्कीट घेतलं. ते चहात बुडवलं. दुसरं घेतलं. पहाटे पाचला घर सोडलेल्या त्या बाईंनी मान खाली घालून चार बिस्किटं खाल्ली. आई समोर बसून बशी त्यांच्याकडे सरकवत राहिली. मग तहसीननं आपला कप उचलला, आणि मीही माझा.

चहा संपल्यावर डॉ. वझेंनी रुमालानं ओठ टिपले आणि घड्याळाकडे पाहिलं. वेळ संपून चार मिनिटं झाली होती. त्यांनी ते कागदावर लिहिलं नाही.

"मुजावर," त्या म्हणाल्या, "बाहेर थांब. पास आहेस."

तहसीन बाहेर जाताना आईच्या पाया पडली. उठताना हलकेच म्हणाली, "आजी, हाताला जपा हं." तिलाही कळलं होतं, तर.

मी उभी होते. डॉ. वझे कागद गोळा करत होत्या.

"व्हरांड्यात यांचा डावा पाय आजारी होता," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "मी खिडकीत उभी होते."

"मग तुम्ही थांबवलं का नाही?"

"थांबवणार होते. मग चहा आला." त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "सराव म्हणून कुणाला पेशंट बनवायला नियमाची हरकत नाही. तसं लिहून द्यावं लागतं. आत्ता द्या. नातं विचारणारा रकाना त्या अर्जात नाही." दारापर्यंत जाऊन त्या वळल्या आणि आईला वाकून नमस्कार केला. "येते, आजी."

आईनं तोंड उघडलं आणि माझ्याकडे पाहिलं. काय बोलावं, हा प्रश्न तिला आयुष्यात पहिल्यांदाच पडला असावा.

"नको," तिनं आशीर्वाद दिला.

रिक्षात आम्ही दोघी स्टेशन चौकापर्यंत हसत होतो. रिक्षावाल्यानं दोनदा आरसा फिरवून पाहिलं. आईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती लुळ्या हातानं ते पुसत होती.

"एकाहत्तर लिवलंस व्हय गं उल्के माझं वय," ती म्हणाली, आणि आम्ही पुन्हा सुरू झालो.

दम लागल्यावर ती म्हणाली, "त्या पोरीला वाढता येतंय."

"म्हणजे?"

"पहिलं नको रीतीचं असतं. दुसरं लाजेचं. तिसरं पोटाचं. तिसरं नको आलं की मग पळी मागं घ्यायची. पण तिथवर जायचं. तुमच्यातली निम्मी माणसं पहिल्यालाच मागं फिरतात."

पुढच्या वर्षी तक्ता छापून आला तेव्हा त्यात एक्केचाळीस रकाने होते. शेवटचा होता, 'तिसऱ्यांदा विचारलं का?' मी तो पुढं दरवर्षी मुलींना शिकवला.

त्या परीक्षेनंतर नऊ वर्षांनी मी एकदा कामासाठी पुण्यात होते. आईच्या शेजारच्या कोष्टीकाकूंचा फोन आला. "उल्का, आई कायतर निराळंच करालीय बघ. बोलत न्हाई. काय विचारलं तरी नुसतं नको म्हणतीय."

खरं सांगायचं तर माझ्या मनात पहिल्यांदा जे आलं, त्यानं मला हसू फुटलं. काकूंनी फोनवर ते ऐकलं. दवाखान्यात पोहोचले तेव्हा मी आधी बाजू पाहिली. उजवी. या वेळी आईनं बाजू चुकवली नव्हती.

या आजारात मागे राहिलेला शब्द माणूस निवडत नाही. तो कसा निवडला जातो हे पुस्तकांत नाही. मी सगळी पाहिली.

तिसऱ्या दिवशीही तिच्या पोटात काही गेलं नव्हतं. मी वाटी पुढं करायची, ती "नको" म्हणायची. मी थोड्या वेळानं पुन्हा विचारायची, ती पुन्हा "नको" म्हणायची, आणि मी वाटी खाली ठेवायची. मी तिची मुलगी होते, आणि नकाराचा मान राखायला इतकी वर्षं शिकवत आले होते. तिसऱ्यांदा विचारायचा धीर मला होत नव्हता. तिसरं नको आलं असतं, तर ते पोटाचं असतं. पुढच्या सकाळी नाकातून नळी घालायची, असं डॉक्टरांनी ठरवलं होतं.

दुपारी तहसीन आली. जतहून दोन गाड्या बदलून, दवाखान्याचा पांढरा कोट पिशवीत कोंबून. तिनं मला काही विचारलं नाही. आईच्या डाव्या हाताला स्टूल ओढून घेतलं, चमच्यानं पाणी देऊन गिळणं तपासलं, घशावर दोन बोटं ठेवून पुन्हा तपासलं. मग गुरगुट्या भाताची वाटी उचलली.

"आजी, थोडा भात."

"नको."

"दोन घास."

"नको."

मी खिडकीकडे वळले.

"मी सकाळपासून जेवले नाही, आजी," तहसीन म्हणाली. "तुम्ही घेतल्याशिवाय मी कशी घेऊ?"

तहसीन वाट बघत राहिली. मग चमचा वाटीला लागल्याचा आवाज आला.

त्यानंतर आई पाच महिने होती. नळी लागली नाही. ती गेली त्याला आता वर्ष होऊन गेलं, आणि तिच्याबद्दल कुणी विचारलं की मी परीक्षेच्या दिवसाची गोष्ट सांगते, कारण त्यात सगळे हसतात. ही पुढची दुपार सहसा सांगत नाही.

आईनं सहा घास खाल्ले. सातव्याला तिनं तोंड मिटलं, तहसीनच्या हातातली वाटी डाव्या हातानं धरली, आणि चादरीवरून ढकलत ढकलत माझ्या बाजूला आणली. मीही दोन दिवस चहावरच होते. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"नको," आई म्हणाली.

"नको, आई. तू खा."

"नको." स्वर थोडा वर गेला आणि शेवटी लांबला.

"मला खरंच नको आहे गं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. वाटी आणखी एक वीतभर सरकली आणि माझ्या मनगटाला टेकली.

"नको," ती अगदी हळू म्हणाली.

मी वाटी घेतली. भात कोमट होता, मीठ घातलेलं नव्हतं. मी तळ पुसून सगळा खाल्ला. आईचं माझ्याकडे लक्ष होतं.